सोळा घरांचा ठेका: संगणकावर ड्रम मशीन शिकताना

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ढोल वाजवायची सोय नाही. खालचे काका दुपारी झोपतात, वरच्या मजल्यावर दहावीची परीक्षा ठरलेली, आणि रात्री १० नंतर तर नावच काढायला नको. पथकाचा सराव गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने, तोही पावसाच्या मर्जीवर. उरलेलं वर्ष हात टेबलावर नाहीतर मांडीवर. ही खाज भागवायला मी ड्रम मशीनचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि पहिल्याच रात्री वैतागून बंद केलं, कारण जे काही वाजत होतं ते लिफ्टमधल्या संगीतासारखं होतं. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी तोंडाने एकही बोल न म्हणता नुसता घरं भरत सुटलो होतो.

ज्यांच्या हातात किंवा कानात ठेका आहे, पण संगणकावर त्याचं काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य संगीताची लिपी, यायची गरज नाही. केरवा हा आठ मात्रांचा ताल टाळीवर मोजता आला तरी पुरे.

ड्रम मशीन म्हणजे नक्की काय

सोंगट्यांच्या पटासारखा एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. डावीकडे एकाखाली एक वाद्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे आडवी १६ घरं. एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते, ज्या घरात खूण असेल तिथे ते वाद्य वाजतं, रेघ टोकाला पोचली की पुन्हा पहिल्या घरावर. आपल्या भाषेत एक आवर्तन पूर्ण झालं आणि सम आली.

ही १६ घरं जुन्या यंत्रांकडून आली. रोलँड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या यंत्रावर खालच्या बाजूला १६ बटणांची ओळ होती. त्यातले आवाज विजेच्या सर्किटमधून तयार केलेले, म्हणजे खऱ्या ढोलाशी त्यांचा संबंध नाही. त्याच सुमाराला आलेल्या लिन एलएम-१ मध्ये मात्र खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित ठोके साठवलेले होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही मार्ग मिळतात. आपल्याला ढोल-ताशा हवा असेल तर दुसरा, ध्वनिमुद्रणाचा मार्गच धरावा लागतो, आणि त्याकडे आपण नंतर येऊ.

कोणतं सॉफ्टवेअर

मी 'हायड्रोजन' वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि ते ड्रम मशीनच आहे. त्यात बाकीचा पसारा नाही. जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही. 'एलएमएमएस' हेही फुकट, पण त्यात सिंथेसायझर आणि बरंच काही असल्याने नवा माणूस हरवतो. मॅकवाल्यांना 'गॅरेजबँड' फुकट मिळतं. 'एफएल स्टुडिओ' लोकप्रिय आहे, मात्र त्याच्या चाचणी आवृत्तीत साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. हे माहीत नसताना माझ्या भाच्याची एक अख्खी रात्र वाया गेली होती. एकच निवडा आणि महिनाभर बदलू नका. खाली मी हायड्रोजनमधली नावं देतोय, पण तत्त्व सगळीकडे तेच.

सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. 'क्रॅक' म्हणून कोणी पेन ड्राइव्ह दिला तर नम्रपणे परत करा. फुकट वस्तूला क्रॅक कशाला?

पैसे खर्च करायचेच असतील तर हेडफोनवर करा, आणि तो वायरचा घ्या. एम.जी. रोडवर दुकानदार हटकून ब्लूटूथचा पुढे करेल. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त उशीर होऊ शकतो. गाणी ऐकताना ते कळत नाही. पण कळ दाबून ठेका धरायला गेलात की आपलाच हात चुकतोय असं वाटायला लागतं.

पहिल्यांदा उघडल्यावर

वरच्या भागात 'साँग एडिटर', खाली 'पॅटर्न एडिटर', बाजूला वाद्याचे तपशील, आणि वेगळ्या खिडकीत 'मिक्सर'. आज फक्त खालचा भाग बघायचा. सोबत आलेलं ड्रमकिट आपोआप उघडतं. त्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (तडतडणारा ड्रम), हॅट (झांजांची जोडी), टॉम वगैरे पाश्चात्त्य ड्रमसेट असतो. नावावर क्लिक केलं की तो आवाज ऐकू येतो. दहा मिनिटं नुसते आवाज ऐका.

काहीच ऐकू आलं नाही तर घाबरू नका. 'प्रेफरन्सेस'मध्ये 'ऑडिओ सिस्टिम' उघडून ड्रायव्हर बदलून बघा. विंडोजवर 'पोर्टऑडिओ' चालतो. तिथेच 'बफर' नावाचा आकडा दिसेल. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४,१०० असताना बफर ५१२ ठेवला तर आवाजाला साधारण १२ मिलिसेकंद उशीर होतो, १०२४ ला २३. माउसने घरं भरताना या आकड्याने काही फरक पडत नाही. कीबोर्डवरच्या झेड, एक्स, सी या कळांनी थेट वाजवायचं असेल तर तो कमी करा, आणि आवाज तुटायला लागला की एक पायरी परत वर जा.

आता तीन गोष्टी तपासा. पॅटर्नचा आकार ४/४ हवा. 'रिझोल्यूशन' १६ हवं. ते ८ वर असेल तर घरं आठच दिसतील आणि तुम्ही म्हणाल लेखवाला खोटं बोलतोय. आणि वरचं बटण 'पॅटर्न मोड'वर हवं, म्हणजे हाच एक तुकडा फिरत राहील. वेग आधी ८० ठेवा. हा आकडा म्हणजे मिनिटाला किती ठोके, आणि एका ठोक्यात चार घरं. १२० च्या वेगाला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे एक घर १२५ मिलिसेकंदांचं. हा १२५ चा आकडा लक्षात ठेवा.

पहिला ठेका: केरवा

इंटरनेटवरचे धडे सुरुवातीला १, ५, ९, १३ वर किक टाकायला सांगतात. तुम्हीही टाकून बघा, मिनिटभर मजा येते. पण आपल्या कानाला ओळखीचं काहीतरी घेतलं तर शिकणं लवकर होतं, म्हणून केरवा.

माउसला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणा: धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा. आपल्याकडे १६ घरं आहेत, म्हणजे एका मात्रेला दोन घरं. मात्रा पडतात १, ३, ५, ७, ९, ११, १३ आणि १५ या घरांवर.

आता प्रत्येक बोलाची फोड करा. तबल्यावर 'धा' आणि 'धी' म्हणजे डग्गा आणि तबला एकदम. 'गे' म्हणजे फक्त डग्ग्याचा घुमारा. 'ना', 'ती', 'न' फक्त तबला. 'क' म्हणजे डग्ग्यावर दाबून मारलेली बंद थाप. आपल्याकडे डग्ग्याच्या जागी किक आहे, तबल्याच्या जागी स्टिक किंवा स्नेअरची कड, आणि 'क'साठी बंद हॅट. मग घरं अशी भरतात:

किक: १, ३, १३
स्टिक: १, ५, ७, ९, १३, १५
बंद हॅट: ११

स्पेस बार दाबा आणि सोबत बोल म्हणत राहा. पाचव्या घरापासून बाराव्यापर्यंत किक नाही, हे कानाला जाणवतं का? केरव्याची 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, पाचव्या मात्रेवर, म्हणजे नवव्या घरावर येते. तिथे घुमारा गेलेला असतो आणि तेराव्या घरावर तो परत येऊन समेकडे ढकलतो. ही उणीव भरून काढायचा मोह होईल. सातव्या आणि नवव्या घरात किक टाकून बघा, ठेक्यातला झोल निघून जातो आणि तेच लिफ्टचं संगीत सुरू होतं. टाकून बघा आणि मग पुसा. पुसल्यावर कान जे शिकतो ते माझ्या सांगण्याने शिकणार नाही.

दादरा हवा असेल तर पॅटर्नचा आकार ६/८ करा आणि रिझोल्यूशन ८. सहा घरं, सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. किक १, २ आणि ४ वर, स्टिक सगळीकडे. झाला दादरा.

जोर

आत्तापर्यंतचा ठेका बरोबर असला तरी निर्जीव वाटत असेल. कारण प्रत्येक ठोका सारख्याच जोराने पडतोय. पॅटर्नच्या खाली उभ्या दांड्या दिसतात. त्या प्रत्येक ठोक्याचा जोर दाखवतात. माउसने दांडी लहान-मोठी करता येते. केरव्यात पहिल्या घराची दांडी सगळ्यांत उंच ठेवा, तेराव्याची त्याहून थोडी कमी, सातव्या आणि पंधराव्याची निम्म्यावर आणा. बंद हॅट जेमतेम ऐकू येईल इतकीच.

ताशाचं तर सगळं यातच आहे. दोन काड्यांनी सलग तडतड चाललेली असते, पण आपण नाचतो ते मधूनच जोरात येणाऱ्या ठोक्यांवर. सरावापुरती एक चाल देतो. (हीच नाशिक ढोलाची चाल असा दावा नाही. दर पथकाच्या चाली वेगळ्या, आणि त्यावरून भांडणंही होतात.) नवा पॅटर्न घ्या, ४/४, १६ घरं, वेग ११०. १६ घरं अशी तोडा: ३, ३, २, ३, ३, २. तोंडाने म्हणायचं तर 'एकदोनतीन एकदोनतीन एकदोन', दोनदा.

ढोलाच्या काठीसाठी खालचा टॉम किंवा किक: १, ४, ७, ९, १२, १५.
हाताच्या थापेसाठी वरचा टॉम: ३, ६, ११, १४.
ताशासाठी स्नेअर: सोळाही घरं. मग १, ४, ७, ९, १२, १५ सोडून बाकी सगळ्या दांड्या एक तृतीयांशावर आणा.

फक्त ताशाच्या दांड्यांवर अर्धा तास घालवा. एखादी दांडी बोटभर वर केली की चाल कशी पुढे झुकते ते बघा. माझ्या मते या अख्ख्या शिकण्यातला सगळ्यांत मोलाचा अर्धा तास हाच.

एक ढोल म्हणजे मिरवणूक नव्हे

मिक्सरमध्ये मुख्य पट्टीजवळ 'ह्यूमनाइझ' आणि 'स्विंग' अशी बटणं आहेत. ह्यूमनाइझ ठोक्यांचा जोर आणि वेळ किंचित इकडेतिकडे करतं. थोडं फिरवा, अर्ध्यापुढे गेलात तर वादक दमलेला वाटतो. स्विंगने दर दुसरं घर थोडं मागे सरकतं. ३-३-२ च्या चालीला मी तो शून्यावरच ठेवतो, केरव्याला थोडासा देतो.

पण मेन रोडवरून जाणाऱ्या पथकाचा भरणा या बटणांनी येत नाही. वीस ढोल एका क्षणी पडत नाहीत. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुमच्यापासून १० मीटर लांबच्या ढोलाचा ठोका शेजारच्या ढोलापेक्षा जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा कानावर येतो. १२० च्या वेगाला एक घर १२५ मिलिसेकंदांचं होतं ना? म्हणजे लांबचा ढोल जवळजवळ पाव घर मागे. त्या पसरट 'धडाम्'चं हे एक मोठं कारण.

हे संगणकावर असं करतात: मेन्यूतून दोन-तीन नवी वाद्यं जोडा आणि सगळ्यांना ढोलाचाच नमुना द्या. सगळ्यांत तेच ठोके भरा. मग मिक्सरमध्ये एकाला डावीकडे सरकवा, एकाला उजवीकडे. एकाचं 'पिच' किंचित खाली घ्या, कारण दोन ढोलांची पानं कधीच सारखी ताणलेली नसतात. शेवटी दांड्यांच्या जागी 'लीड/लॅग' निवडून लांबच्या ढोलांचे ठोके थोडे मागे ढकला. जोरही प्रत्येकाचा वेगळा ठेवा. चार वाद्यांत बारा ढोलांचा भास होतो.

आपल्या ढोलाचा आवाज

इथपर्यंत आलात की किटमधल्या टॉमचा कंटाळा येणारच. मोबाइलवर आपला ढोल रेकॉर्ड करता येतो, फक्त माझी चूक करू नका. पहिल्यांदा मी फोन ढोलापासून हातभर अंतरावर ठेवला. ठोका पडला आणि आवाज फाटला. फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. फोन दोन-तीन मीटर लांब ठेवा, मोकळ्या जागेत, वारा नसताना. गोदाकाठी पहाटे जागा शांत मिळते, पण ढोल वाजवल्यावर ती शांत राहत नाही, हे गृहीत धरून लोकांशी आधी बोलून ठेवा. गंगापूर रोडच्या पुढे कोणाचा मळा ओळखीचा असेल तर उत्तम. पाऊस पडून गेलेला असेल आणि चामड्याचं पान असेल तर ते सैल पडलेलं असतं. आधी दोऱ्या ओढून घ्या.

एकेक ठोका सुटा मारा आणि पूर्ण विरू द्या, मगच पुढचा. काठीचे हलके, मध्यम आणि जोरदार असे प्रत्येकी चार, थापेचे तसेच. हे तीन जोर वेगवेगळे का? ढोल हळू मारला की नुसता आवाज कमी होत नाही, आवाजाची जातच बदलते. जोरदार ठोका संगणकाने बारीक केला तर तो लांबून आल्यासारखा वाटतो, हळू मारल्यासारखा नाही.

घरी 'ऑडासिटी' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा आणि सगळ्यांत चांगले ठोके वेगळे कापा. कापताना सुरुवातीची शांतता पार काढून टाका, लाट जिथे उठते तिथूनच फाइल सुरू व्हायला हवी. पाव सेकंद शांतता राहिली तर प्रत्येक ठोका पाव सेकंद उशिरा वाजेल आणि तुम्ही रात्रभर घरं मोजत बसाल. शेवट मात्र कापू नका, घुमारा विरेपर्यंत राहू द्या. डब्ल्यूएव्ही प्रकारात साठवा.

मग हायड्रोजनमध्ये नवं वाद्य जोडून त्याच्या 'लेयर्स'मध्ये या तीन फाइली टाका: हलका ठोका जोराच्या ० ते ०.४ साठी, मध्यम ०.४ ते ०.७५, आणि वरचा सगळा जोरदार. आता दांडी लहान केली की खरोखर हळू मारलेला ठोका वाजतो.

झाल्यावर हे तुमचं ड्रमकिट म्हणून साठवा. गाण्याच्या फाइलमध्ये ध्वनी नसतात, ते कुठे आहेत त्याचा पत्ता असतो. माझ्या फाइली पेन ड्राइव्हवर होत्या, पेन ड्राइव्ह मित्राकडे गेला, आणि माझं गाणं मुकं झालं. किट साठवलं की ध्वनी त्यातच जमा होतात, आणि दुसऱ्या संगणकावर न्यायचं तर किट निर्यातही करता येतं.

तुकड्यांचं गाणं

आता वरचा साँग एडिटर. तिथे प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक पॅटर्न, प्रत्येक घर म्हणजे एक आवर्तन. पॅटर्नना नावं द्या: 'संथ', 'चाल', 'तिहाई'. घरांवर क्लिक करत तुकडे मांडा आणि बटण 'साँग मोड'वर न्या.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, करून बघण्यासारखी आहे, कारण तिचं गणित या तक्त्यावर लख्ख दिसतं. 'तिरकिटधा' म्हणजे ति, र, कि, ट, धा: पाच घरं. तीनदा म्हटलं की १५. शेवटचा धा समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या घरावर पडायला हवा. उलटं मोजत या: सुरुवात तिसऱ्या घरापासून. पहिला धा ७ वर, दुसरा १२ वर, तिसरा १७ वर, म्हणजेच पुढच्या पॅटर्नच्या १ वर. तो तिसरा धा तिहाईच्या पॅटर्नमध्ये शोधू नका, तो पुढच्या तुकड्यात आहे. तिथे पहिलं घर रिकामं राहिलं तर तिहाई हवेत लटकते.

बाहेर काढणं

निर्यात करण्याआधी मिक्सरमधला मुख्य मीटर लाल होत नाही ना ते बघा. होत असेल तर मुख्य पट्टी नको, सगळी वाद्यं थोडी थोडी खाली आणा. आणि ढोलाचा खालचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर ठरवू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून घुमारा येतच नाही, म्हणून आपण तो वाढवत जातो, आणि मंडळाच्या मोठ्या स्पीकरवर लावला की खिडक्या थरथरतात. हेडफोनवर ऐका, एकदा कोणाच्या तरी गाडीत ऐका.

मेन्यूतून निर्यात निवडा, डब्ल्यूएव्ही, ४४,१०० आणि १६ बिट. मिनिटाला साधारण १० एमबी होतात. साँग एडिटरमध्ये जे मांडलंय तेवढंच बाहेर येतं. फाइल दोन सेकंदांची निघाली तर तुम्ही तिथे एकच घर भरलेलं असणार.

पथकाच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. आणि नावातच ठेका आणि वेग लिहा: 'केरवा ८०', 'चाल ११०'. आमच्याकडचा ताशेवाला फाइल ऐकून पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "भाऊ, किती स्पीडला आहे?"